पोती भरली की गाडी शहाणी

गेल्या दिवाळीनंतर आम्ही एक जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली. मुरबाडकडे सासऱ्यांची भातशेती आहे आणि पावसाळ्यात तिथला शेवटचा दीड किलोमीटर नुसता चिखल असतो, हे घरात सांगितलेलं कारण. खरं कारण, मला लहानपणापासून अशी गाडी हवी होती. पुढचा अ‍ॅक्सल अखंड, चारही चाकांना पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), डिझेल. आधीच्या मालकाने हौसेने उंच केलेली: पुढे-मागे एकेक जास्तीचा पाटा, पुढे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारी कडी), ३१ इंची टायर. चिरंजीव बघताक्षणी विरघळले. मी गाडी खालून बघायला हवी होती, कारण बावीस वर्षं रबाळ्याच्या एमआयडीसीत क्वालिटीला काढली आहेत. पण मीही वरूनच बघितली.

पहिल्याच फेरीला कळलं. ऐरोलीहून मुरबाडला जायचं तर आम्ही ठाणे-बेलापूर रोडने महापे, तिथून शिळफाटा, कल्याण असे जातो. घणसोलीच्या उड्डाणपुलावरच्या एका जोडावरून ५५-६० च्या वेगात चाक गेलं आणि स्टेअरिंग हातातून सुटतंय की काय असं झालं. थरथर नव्हे, अख्खं बोनेट डावी-उजवीकडे झटकत होतं. ब्रेक दाबून वेग वीसवर आणला तेव्हा कुठे थांबलं. मागून ट्रेलरवाला हॉर्न वाजवत होता, आणि आमचे हे शेजारी बसून डॅशबोर्डला नमस्कार केल्यासारखे दोन्ही हात टेकून.

येताना गाडीत दहा पोती तांदूळ होता. तोच रस्ता, उलट दिशेने तोच उड्डाणपूल, तोच वेग. काही नाही. गाडी अगदी शहाण्यासारखी आली. पुढच्या फेरीलाही तसंच: जाताना रिकामी तेव्हा वेडी, येताना भरलेली तेव्हा शहाणी. ह्यांचं निदान असं, की तिला घराची ओढ आहे.

मी ही गोष्ट जिथे जिथे सांगितली तिथे तिथे एकच उत्तर मिळालं: "ताई, वजनाने गाडी दबते, म्हणून." आणि विषय संपला. टायरवाल्याने बॅलन्सिंग केलं. अलाइनमेंटवाल्याने टो (पुढची चाकं समोरून एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते) सेट करून रंगीत चार्ट हातात दिला. एका ठिकाणी नवा स्टेअरिंग डँपर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा) बसवून दिला, साडेतीन हजार. डँपरने तीन आठवडे खरोखर आराम पडला आणि मग पुन्हा तेच, उलट जास्त. आता माझं मत पक्कं आहे. डँपर हे दातदुखीवर लवंग लावण्यासारखं आहे. दुखणं झाकतं तेवढे दिवस कीड आत काम करत राहते.

मग मी कंपनीत करते तेच केलं, तक्रार नीट लिहून काढली. लिहिताना लक्षात आलं की मी सगळ्यांना "स्टेअरिंगचा प्रॉब्लेम" एवढंच सांगत होते आणि तक्रारी मात्र तीन होत्या. जोडावरून गेल्यावर सुटणारी ती लटपट ही एक. दुसरी, सरळ रस्त्यावर गाडी भटकते आणि वळण झाल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही. आणि तिसरी, खड्ड्यात किंवा जोरात ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते. तिन्हींचं मूळ एकच असेल असं धरून चालणं ही पहिली चूक.

रविवारी सकाळी सोसायटीच्या मागच्या बाजूला गाडी लावली. चाकं जमिनीवरच, मागच्या चाकांना विटा, गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू. चिरंजीवांना सीटवर बसवून सांगितलं, स्टेअरिंग घड्याळातल्या अकरा ते एक एवढंच हलवत राहा, पटापट. मी खाली, टॉर्च घेऊन. प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं. एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा क्षणभर उशिरा हलतो, तो उशीर म्हणजे प्ले. डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतो. स्टेअरिंग बॉक्सखाली लटकतो तो ड्रॉप आर्म, आणि त्याची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा म्हणजे ड्रॅग लिंक. तिचा ड्रॉप आर्मकडचा एंड खटखटत होता. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचे दोन्ही एंड ठीक. स्टेअरिंग बॉक्स मात्र चासीवर किंचित सरकत होता, चारातले दोन बोल्ट ढिले. आम्ही इकडे चाकांचं बॅलन्सिंग करत बसलो होतो!

मग जॅक लावला. (नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली जाऊ नका. मी रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे ठोकळे ठेवते.) चाक वरून आणि खालून धरून हलवलं, उजव्याला प्ले. इथे लोक व्हील बेअरिंग बदलून मोकळे होतात. त्याआधी कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबला की हब (ज्यावर चाक बसतं) आणि नकल (जो चाकाला घेऊन वळतो) एक होतात. प्ले गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा, म्हणजे नकल ज्यावर वळतो त्या खुंटीचा. आमचा राहिला.

कळंबोलीला ट्रकचं स्टेअरिंग काम करणारे एक काका आहेत, साठीच्या पुढचे. त्यांनी किंगपिन उघडून बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवलं. रोलरचे ठसे रेसवर, म्हणजे ते ज्या कडीवर फिरतात तिच्यावर, खड्ड्यासारखे उमटलेले. नवीन बेअरिंग घातल्यावर शिम (पातळ चकत्या) काढत-घालत किंगपिन किती घट्ट ठेवायचा ते काका हाताच्या अंदाजाने करतात, आणि त्यांचा अंदाज चांगला आहे. तरी मी प्रवासी बॅगा तोलायचा हुकवाला काटा नेला होता. नकलच्या आर्मला अडकवून ओढायचा आणि हलायला किती किलो लागतात ते दोन्ही बाजूंना सारखं आणायचं. काका आधी हसले. मग डाव्या बाजूचा आकडा उजवीच्या जवळपास दीडपट आला, तेव्हा म्हणाले, "ताई, काटा ठेवून जा इथेच."

ड्रॅग लिंकचा एंड बदलला, बॉक्सचे बोल्ट नवे घालून आवळले. बॉक्सच्या वरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू कोणीतरी प्ले काढायला म्हणून गच्च पिळून ठेवला होता, तो काकांनी सैल करून बेताचा केला. हा स्क्रू म्हणजे सगळ्यांचा आवडता रस्ता: बाहेरचा प्ले बॉक्सच्या माथी मारायचा आणि मग स्टेअरिंग मधोमध जड होतं, परत येत नाही.

लटपट गेली. घणसोलीचा जोड साठच्या वेगात पार, नुसता एक धक्का. पण भटकणं कमी झालं तरी गेलं नाही. रिकामी असताना गाडी अजून दारुड्यासारखी रेघ सोडायची आणि पोती भरली की पुन्हा सरळ.

उत्तर सापडलं ते कंपनीत, साइन बारवर. साइन बार म्हणजे एक पोलादी पट्टी, तिच्या दोन टोकांना रोलर. एका टोकाखाली मोजून उंची ठेवली की पट्टी ठराविक कोनात कलते. हजारो वेळा केलेलं काम. त्या दिवशी ठोकळे रचता रचता हात थांबला. पुढचा पाटा म्हणजे साइन बारच की! आमच्या गाडीत पुढच्या पाट्याचं मागचं टोक चासीला पक्कं आहे आणि शॅकल पुढच्या टोकाला. शॅकल दोन इंचांनी लांब. टोक दोन इंच खाली गेलं तर मधोमध असलेला अ‍ॅक्सल एकच इंच खाली जातो, म्हणजे दोन इंच जास्त शॅकल घालून उंची मिळते एक इंच. कोन मात्र पूर्ण बदलतो. चाळीस इंचांचा पाटा, दोन इंचांचा फरक, जवळपास तीन अंश. आणि पाट्यावर आवळलेला अख्खा अ‍ॅक्सल तेवढाच पुढे झुकतो.

किंगपिनचं वरचं टोक थोडं मागे झुकलेलं असावं लागतं, त्याला कॅस्टर म्हणतात. सायकलचा फोर्क तसाच कललेला असतो, म्हणून हात सोडून चालवता येते. आमच्या गाडीला असायला हवा होता साधारण तीन अंश. तीनातून तीन गेले.

आणि पोती? मागे दहा पोती टाकली की मागचे पाटे आठेक सेंटिमीटर बसतात. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जवळपास तीन मीटर. गाडीच साइन बार झाली: नाक वर, अंदाजे दीड अंश. गेलेला अर्धा कॅस्टर तांदूळ परत आणून देत होता. "वजनाने दबते" हे खोटं नव्हतं, पण कुठे दबते ते कोणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी ग्लोव्ह बॉक्समधून अलाइनमेंटचा तो चार्ट काढला. टो हिरव्यात. त्याच्या वर कॅस्टर, डावीकडे ०.२, उजवीकडे ०.४, लाल रंगात छापलेले. पहिल्या दिवसापासून आमच्याजवळच होते. अखंड अ‍ॅक्सलला कॅस्टर फिरवायला बोल्टच नसतो, म्हणून मशीनवाल्याने फिरवता येतं तेवढं फिरवून पैसे घेतले. मी तर आकडे वाचण्याचाच पगार घेते.

काका म्हणाले, अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये तीन अंशांची पाचर घालू. उपाय बरोबर आहे. पण पाचरीने डिफरन्शियलचं तोंड खाली जातं आणि पुढच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा सांधा जास्त वाकतो. शिवाय एक इंच उंचीसाठी वाकडं करायचं आणि ते सरळ करायला पाचर ठोकायची, हे मनाला पटेना. पासिंगही जवळ आलं होतं. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचल्यापासून लांब शॅकलकडे बघून माझ्या पोटात गोळा येतच होता. मूळ मापाचे शॅकल तुर्भ्याला मिळाले, बुशसकट. टो घरीच सेट केला: दोन्ही टायरवर खडूची रेघ, पुढून आणि मागून टेपने अंतर, पुढे तीन मिलिमीटर कमी. मग चार्ट काढला. कॅस्टर २.९ आणि ३.१.

पुढचं नाक एक इंच खाली आलं. चिरंजीव दोन दिवस बोलले नाहीत. टायर पूर्ण वळणावर पाट्याला घासायला लागले म्हणून चाकांचं वळणं अडवणारे स्टॉप बोल्ट फिरवून थोडे बाहेर घ्यावे लागले, आणि आता आमच्या सेक्टरच्या तोंडाशी एका दमात यू-टर्न बसत नाही. वॉचमन रोज बघतो.

तिसरी तक्रार शिल्लक आहे. जास्तीच्या पाट्यामुळे ड्रॅग लिंक तिरपी बसते. स्प्रिंग दबली की ती चाक ढकलते, म्हणून खड्ड्यात आणि ब्रेकला गाडी अजून उजवीकडे जाते, आधीपेक्षा कमी. एका गॅरेजवाल्याने ड्रॉप आर्म गॅसने तापवून वाकवून देतो असं सांगितलं, दोनशे रुपयांत. फोर्जिंगचा, हीट ट्रीटमेंट केलेला भाग, ज्यावर अख्खं स्टेअरिंग लटकतं! मी पाणीसुद्धा न पिता तिथून निघाले. जास्त खाली उतरणारा तयार आर्म मिळतो का ते बघतेय, नाहीतर पावसाळ्याआधी तो जास्तीचा पाटाही काढेन. घरात हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.