टाकीतले पाणी जाते कुठे?

दहावीला ‘उष्णता’ हा पाठ मी गेली १९ वर्षे शिकवत आहे. अप्रकट उष्मा, दवबिंदू, सापेक्ष आर्द्रता या संज्ञा फळ्यावर लिहायच्या, व्याख्या सांगायच्या, दोन उदाहरणे सोडवून घ्यायची आणि शेवटी ‘समजलं का?’ असे विचारायचे, हा माझा शिरस्ता होता. सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणायचा आणि घटक चाचणीत त्याच प्रश्नाखाली कितीतरी मुलांच्या पेपरात कोरी जागा असायची. गेल्या वर्षी जूनअखेर शाळा उघडल्यावर मी माझ्याच एका तासाचे मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले आणि रात्री ते ऐकले. त्या तासात मी ११ प्रश्न विचारले होते आणि त्यांतल्या ९ प्रश्नांची उत्तरे मीच देऊन टाकली होती. प्रश्न संपल्यापासून मी पुन्हा बोलू लागेपर्यंत जेमतेम एक सेकंद जात होता. अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून हेच नोंदवले होते की, शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तेच थांबणे तीन सेकंदांपर्यंत नेले तर मुलांची उत्तरे लांबतात व एरवी गप्प बसणारी मुले तोंड उघडतात. बी.एड.ला असताना हे मी वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते; तेच माझ्या आवाजात ऐकणे मात्र मला फार जड गेले.

ज्या दिवसाबद्दल लिहायचे आहे, तो ऑगस्टमधला. वर्गात ५७ मुले हजर होती, बाहेर झड लागली होती आणि खिडक्या अर्ध्या मिटलेल्या होत्या. आदल्या दिवशी मी अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न बदलता पदार्थाची अवस्था बदलताना लागणारी उष्णता, शिकवला होता. १ ग्रॅम पाण्याची १०० अंश सेल्सिअसला वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता शोषली जाते, हा आकडा सगळ्यांच्या वहीत होता. त्या दिवशी मी व्याख्येला हात न लावता फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : तोच कूलर, तोच पंखा, टाकीतल्या पाण्याने भिजणाऱ्या त्याच ताट्या, मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा तो खोली गार करतो आणि पावसाळ्यात मात्र अंग चिकट करून सोडतो, असे का? खाली चार पर्याय दिले. पावसाळ्यात टाकीतले पाणी गरम असते, हा पहिला. हवेत आधीच बाष्प असल्याने ताटीवरचे बाष्पीभवन मंदावते, हा दुसरा. दमट हवा जड असल्याने पंखा ती कमी फेकतो, हा तिसरा. कूलर दोन्ही वेळा सारखाच गारवा देतो, उन्हाळ्यात तो नुसता जाणवतो अधिक, हा चौथा.

पर्यायाच्या क्रमांकाइतकी बोटे छातीशी धरून दाखवायची, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाहीत आणि हुशार मुलाकडे पाहून हात वर करण्याची सोयही राहत नाही. मी मोजले. दुसऱ्या पर्यायाला १९ मुले होती आणि चौथ्याला २७. आधी मत घ्यायचे आणि मग मुलांना आपसांत चर्चा करू द्यायची, या पद्धतीचा पाया हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१च्या सुमारास घातला. आपले विद्यार्थी अवघड गणिते सोडवतात, पण साध्या भाषेत विचारलेल्या संकल्पनेच्या प्रश्नाला अडखळतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यांचा ठोकताळा असा की, बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्के असतील तर शिक्षकाने गप्प राहावे आणि मुलांना एकमेकांची समजूत घालू द्यावी. माझ्या वर्गात बरोबर उत्तर, म्हणजे दुसरा पर्याय, देणारी मुले नेमकी एक तृतीयांश होती. मी एवढेच सांगितले : ‘शेजाऱ्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवा. चार मिनिटं.’

मधल्या रांगेतल्या चौथ्या बाकावर तीन मुली बसतात. तिघींनीही चार बोटे दाखवली होती, म्हणजे तिघींचेही उत्तर चुकीचे होते. एकमत झालेले असल्याने त्या सुरुवातीला नुसत्याच बसून होत्या. मग त्यांच्यातली एक म्हणाली, ‘पण उन्हाळ्यात टाकी भरायचं काम माझ्याकडंच असते. दिवसातून दोनदा भरावं लागते. पाऊस लागल्यावरही आमचा पंप चालूच होता, तर तीन दिवस भरावंच नाही लागलं.’

‘मंग उन्हाळ्यात ते पाणी जात कुठं होतं?’

‘टाकी गळत असन.’

‘गळत असती तं पावसाळ्यातबी गळली असती ना.’

मी दोन बाक सोडून उभी होते. ‘शाब्बास, बरोबर!’ हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते आणि मी ते गिळले. एक कारण बाजूला काढायचे, दुसरी स्थिती जशीच्या तशी ठेवून पाहायचे, ही प्रयोगाची रीत मी त्यांना कधी शिकवली नव्हती. ती त्या पोरीने टाकी भरता भरता कमावली होती. तिसरी म्हणाली की, पाणी उडून जात असेल. ‘मंग आता काहून उडत नाही?’ यावर तिघी थांबल्या. बऱ्याच वेळाने पहिलीने आपल्या ओढणीचे टोक चाचपले आणि म्हणाली, ‘कपडे तरी कुठं वाळून राहिले? दोन दिवस झाले, ड्रेस ओलाच आहे. हवाच ओली आहे.’ आणि लगेच दुसरीने वही उलटून ५४० या आकड्यावर बोट ठेवले : ‘उडायला उष्णता लागते ना, ती हवेतूनच घेत असन. उडलंच नाही तं घेईन कुठून?’

एकीलाही उत्तर ठाऊक नसताना गट उत्तरापर्यंत पोचू शकतो, हे मिशेल स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात, कोलोरॅडो विद्यापीठातल्या अनुवंशशास्त्राच्या वर्गांच्या आधारे दाखवले आहे. माझा त्यावर विश्वास बसला नव्हता. हुशार मुलगा सांगतो आणि बाकीचे मान डोलावतात, एवढेच होत असेल, असे मला वाटे. त्या बाकावर तसा हुशार म्हणवणारा कोणीच नव्हता.

दुसऱ्यांदा बोटे मोजली तेव्हा दुसऱ्या पर्यायाला ४३ मुले होती. याच वेळी आवाज ऐकून पर्यवेक्षक दारात आले, ‘वर्गात शिक्षक आहेत ना?’ असे त्यांनी विचारले आणि मला पाहून ते निघून गेले. मला त्याचे वाईट वाटले. त्याहून अधिक वाईट दुसऱ्या दिवशी वाटले. पहिल्या बाकावरचा एक अभ्यासू मुलगा उभा राहून अगदी नम्रपणे म्हणाला, ‘मॅडम, काल तुम्ही काही शिकवलंच नाही जी. बोर्डाचं वर्ष आहे.’ आठ-दहा माना हलल्या.

मी त्यांना सरळ सांगितले की, त्यांना असे वाटणे स्वाभाविक आहे. हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वतः खटपट करून शिकलेल्यांनी चाचणीत अधिक गुण मिळवले, पण आपण कमी शिकलो असे तेच म्हणत होते, कारण ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे सोपे वाटते आणि अडखळणे हे न समजल्याचे लक्षण वाटते. हे मी प्रश्न टाकण्याआधीच सांगायला हवे होते. ती चूक माझी. त्यानंतर मी १५ मिनिटे खडू हातात घेऊन रीतसर शिकवले, कारण १४ मुले अजून चुकीच्या उत्तरावर होती आणि त्यांना चर्चेच्या भरवशावर सोडणे मला मान्य नाही. दमट हवेतही पाण्याचे कण उडतच असतात, पण हवेतले बाष्पकण परत पाण्यात येण्याचा वेग वाढलेला असतो आणि म्हणून एकूण बाष्पीभवन घटते, हा बारकावा मुलींच्या बोलण्यातून निघणारा नव्हता, तो मलाच सांगावा लागला. या वेळी मात्र वर्ग ऐकत होता, कारण प्रश्न आता त्यांचा झाला होता.

घटक चाचणीत मी कूलर विचारला नाही. मातीच्या माठातले पाणी मे महिन्यापेक्षा ऑगस्टमध्ये कमी गार का होते, असे विचारले, तीन गुणांना. टाकी भरणाऱ्या मुलीने लिहिले होते : ‘माठ पाझरतो, पण पाझरलेले पाणी वाळत नाही, ओले ते ओलेच राहते. वाळले असते तर वाळण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून गेली असती.’ सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत तिच्यात प्रत्यक्ष किती बाष्प आहे, हा शब्द उत्तरात कुठेही नव्हता, आणि बोर्डाच्या पेपरात तो नसला तर गुण जाऊ शकतो, हे मला ठाऊक होते. मी तीनपैकी तीन गुण दिले, समासात लाल शाईने तो शब्द लिहिला आणि पेपर वाटताना तिला जवळ बोलावून तिच्याच वाक्यात तो कुठे बसतो हे शोधायला सांगितले. तिने ‘वाळत नाही’ याच्या पुढे काकपद दिले आणि लिहिले : ‘कारण हवेची सापेक्ष आर्द्रता जास्त असते.’