पोस्टग्रेस ९.६ वरून १५ : गच्चीवरच्या वेदर स्टेशनचा डेटा हलवला, अपडेट

तर मंडळी, जुना डबा, म्हणजे वेदर स्टेशनचा डेटा ठेवणारं जुनं मशीन, अखेर रिकामा झाला. डेबियन ९ (लिनक्सची एक जात) वरचा पोस्टग्रेस (डेटाबेस सॉफ्टवेअर) ९.६ थेट डेबियन १२ वर, म्हणजे १५ वर आणलाय. आत काय तर पाऊस, तापमान आणि हवेच्या दाबाची रीडिंग्ज, दुसऱ्या कुणाला शून्य किंमत, पण मला जीव की प्राण.

डेटा डिरेक्टरी उचलून नव्या मशीनवर टाकायच्या भानगडीत पडूच नका, मेजर व्हर्जन बदललं की सर्व्हर सुरूच होत नाही. कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, ९.६ चढवून तीच डिरेक्टरी दिली तर सुरू होईल, पण त्यातली जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ किंवा पुढची असेल तर खरं लफडं तिथे आहे, कारण २.२८ मध्ये सॉर्टिंगचा क्रम बदललाय आणि टेक्स्ट कॉलमवरचे जुने इंडेक्स (ओळी पटकन शोधायच्या क्रमवार याद्या) त्याने गंडतात. एरर वगैरे काही नाही, ओळ टेबलात असते आणि शोधली की सापडत नाही. डंप-रिस्टोअरमध्ये (डेटा फाइलमध्ये काढून नव्या सर्व्हरवर पुन्हा भरायचा) इंडेक्स नव्याने बनतात, विषय संपला.

डंप काढायचा तो नव्या व्हर्जनच्या पीजी_डंपने (पोस्टग्रेसचंच डंप काढायचं टूल). नव्या मशीनवरून एसएसएच टनेल (दोन मशीनमधला सुरक्षित जोड) टाकला, १५ चं पीजी_डंप जुन्या सर्व्हरला जोडलं (ते ९.२ पर्यंत मागचं वाचतं) आणि कस्टम फॉरमॅटमध्ये फाइल घेतली. उलटं जमत नाही, जुनं पीजी_डंप नव्या सर्व्हरसमोर व्हर्जन मिसमॅच म्हणून सरळ हात वर करतं. रोल्स (डेटाबेसचे युजर) या फाइलमध्ये नसतात, ते पीजी_डंपऑलला ग्लोबल्स-ओन्ली देऊन वेगळे घेतले.

रिस्टोअर चार जॉब्सवर टाकला, शेवटी 'एरर्स इग्नोअर्ड ऑन रिस्टोअर: २'. ही ओळ बघून लोक खुशाल पुढे जातात, नका जाऊ, वर स्क्रोल करा. माझ्याकडे अॅरे_अपेंड वापरून बनवलेलं एक पुराणकाळातलं अॅग्रीगेट (अनेक ओळींचं मिळून एक उत्तर देणारं फंक्शन) होतं, १४ पासून त्या फंक्शनला एनीअॅरे या टाइपऐवजी एनीकम्पॅटिबलअॅरे लागतं, म्हणून ते बनलंच नाही आणि त्यावर उभा असलेला महिनावार पावसाचा व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) पण गेला. अॅग्रीगेट काढून टाकलं आणि व्ह्यूमध्ये अॅरे_अॅग घातलं, ते तर ८.४ पासून तयार मिळतंय.

पुढचा नग म्हणजे परमिशन. जुन्या ग्रँट्सचा (परवानग्यांचा) कचरा नको म्हणून रिस्टोअरला नो-एसीएल दिलं होतं आणि १५ पासून नव्या डेटाबेसमध्ये पब्लिक स्कीमात (टेबलं ठेवायचा नेहमीचा कप्पा) मालक सोडून बाकी कुणालाही आपोआप टेबल बनवता येत नाही, त्यामुळे दर महिन्याला नवीन टेबल बनवणारी स्क्रिप्ट 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक' म्हणून आडवी झाली. त्या रोलला क्रिएट ग्रँट दिली.

पासवर्डचं वेगळंच. नवीन पीजी_एचबीए मध्ये (कोण कसं लॉगिन करेल ते ठरवणारी फाइल) स्क्रॅम ही पासवर्ड तपासायची नवी पद्धत आणि जुन्या रोल्सचे साठवलेले हॅश जुन्या एमडी५ पद्धतीचे, लॉगिन होईना. पासवर्ड नव्याने सेट केले की झालं, पण सेन्सरवाला रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) अजून डेबियन ९ च्या जमान्यातला आहे, त्याच्या लिबपीक्यूला (पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी) स्क्रॅम कळतच नाही (१० पासून पुढे कळतं). त्या एका युजरला, त्याच्याच आयपीपुरती, एमडी५ ची ओळ सगळ्यात वर टाकलीय.

आणि अॅनलाइझ मारा रे बाबांनो! स्टॅटिस्टिक्स (टेबलात काय किती आहे त्याचे आकडे) डंपबरोबर आलेली नसतात, ती या कमांडने बनतात, तोवर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) अंदाजपंचे चालतो. ते केल्यावर वर्षवार ओळी आणि पावसाची बेरीज दोन्हीकडे काढून ताडून पाहिली, जुळतंय. आता पाय अपग्रेड करायचा आणि ती एमडी५ ची ओळ उडवायची.