दोलोरेस इदाल्गो : होसे अल्फ्रेदोच्या गावाला जाऊन आले

मेक्सिकोत कुठल्याही लग्नाला जा, वाढदिवसाला जा, रात्री बारा वाजून गेले की एक वेळ अशी येतेच की डीजेची गाणी कुणाला नको असतात, कुणीतरी खुर्चीवर बसल्या बसल्याच एक ओळ उचलतं आणि मग आजोबांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळं टेबल डोळे मिटून ओरडून गायला लागतं. ही रांचेरा गाणी. आणि त्यातलं आवडलेलं गाणं कुणाचं म्हणून मी विचारलं की पुन्हा पुन्हा एकच नाव यायचं, गाणी लिहिणारा आणि गाणारा होसे अल्फ्रेदो हिमेनेस. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही क्वेरेतारोला राहतो आणि होसे अल्फ्रेदोचं गाव दोलोरेस इदाल्गो इथून बसने काही तासांवर, त्यामुळे जायचं तर होतंच, पण आमच्या शेजारच्या डोन्या म्हणाल्या "एकटी जाऊ नकोस मिहा (म्हणजे पोरी), मी येते, तुला गाणी कोण सांगणार" आणि मग आमचं ठरलंच.

डोन्या मूळच्या सालामांकाच्या, त्यांचे वडील तिथल्या तेलाच्या रिफायनरीत कामाला होते. हे आत्ताच सांगून ठेवते कारण पुढे लागणार आहे.

क्वेरेतारोहून सान मिगेल दे आयेंदे, तिथे बस बदलून दोलोरेस. सान मिगेलबद्दल नेटवर इतकं लिहिलेलं आहे की मी परत लिहीत नाही, सुंदर आहे, महाग आहे, पुढे चला. त्यानंतरचा रस्ता मात्र मला फार आवडला. कोरडं माळरान, मेस्कितेची झाडं, निवडुंगाची कुंपणं, मध्येच एखाद्या शेतात मका, आणि वाटेत अतोतोनिल्कोचा फाटा लागतो, जिथल्या चर्चमधून 1810 साली फादर मिगेल इदाल्गोने ग्वादालुपेच्या मातेचं चित्र उचलून आपल्या फौजेचा झेंडा केला. त्याच दिवशी, 16 सप्टेंबरच्या पहाटे, दोलोरेसच्या चर्चची घंटा वाजवून त्याने लोकांना स्पेनविरुद्ध उठवलं होतं. म्हणून या गावाला देशाच्या स्वातंत्र्याचा पाळणा म्हणतात आणि गावाच्या नावात इदाल्गो आहे. आजही दर वर्षी 15 सप्टेंबरच्या रात्री मेक्सिको सिटीत राष्ट्राध्यक्ष बाल्कनीतून घंटा वाजवून जी आरोळी देतात ती या गावाची.

एवढ्या मोठ्या इतिहासाच्या गावात एका गाणाऱ्याला किती जागा मिळणार असं मला वाटत होतं. भरपूर मिळालीय. चौकात इदाल्गोचा पुतळा, मागे गुलाबी दगडाचं कोरीव चर्च, आणि आजूबाजूच्या दुकानांत मात्र होसे अल्फ्रेदो. चिनी मातीच्या रंगीत तालावेरा प्लेटांवर त्याचा चेहरा, मग्जवर त्याच्या ओळी, आणि चौकातल्या आइसक्रीमवाल्यांच्या मोबाइलवर त्याची गाणी. (आइसक्रीमचं सांगितलंच पाहिजे, इथे टकीला, मक्याचं कणीस, अवोकाडो, अगदी कोळंबी आणि मोले सॉसचंही आइसक्रीम मिळतं. अवोकाडोचं खरंच छान लागतं, बाकीच्यांची चव चमच्यावर देतात ती घेऊन बघा.)

त्याचं घर चौकापासून चालत थोड्याच अंतरावर, आता तिथे म्युझियम आहे. 19 जानेवारी 1926 ला तो या गावात जन्मला. वडील आगुस्तीन औषधांचे जाणकार, गावात त्यांचं सान विसेन्ते नावाचं औषधांचं दुकान होतं, म्हणजे घर बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी. मग 1936 मध्ये वडील गेले आणि सगळंच बदललं, आईने पोराला मेक्सिको सिटीत पाठवलं. दहाअकरा वर्षांचा मुलगा. मला त्या घरातले भरजरी चार्रो सूट, म्हणजे मेक्सिकन घोडेस्वारांचा पोशाख, रेकॉर्डी, फोटो हे सगळं बघताना राहून राहून हेच वाटत होतं की ज्या गावाबद्दल त्याने आयुष्यभर इतक्या जीव तोडून लिहिलं त्या गावात तो राहिला फक्त लहानपणीची ती थोडी वर्षं, आणि कदाचित म्हणूनच ते गाव त्याच्या गाण्यात असं स्वच्छ उन्हातलं राहिलं.

शहरात त्याने पडेल ते काम केलं, फुटबॉलही खेळला, गोलकीपर होता आणि चांगला होता. आणि ला सिरेना नावाच्या रेस्टॉरंटमध्ये वेटर होता. तिथल्या मालकाच्या मुलाचा लॉस रेबेल्देस नावाचा गाणाऱ्यांचा ग्रुप होता, त्यांच्यासोबत हा गायला लागला आणि 1948 च्या सुमाराला रेडिओवर पोचला. पण लोकांना त्याचं नाव कळलं ते 1950 मध्ये, जेव्हा आंद्रेस उएस्का आणि त्याच्या कोस्तेन्योस ग्रुपने त्याचं ‘यो’ हे गाणं रेकॉर्ड केलं. त्यानंतर मग थांबणं नाही, होर्खे नेग्रेते, पेद्रो इन्फान्ते, मिगेल आसेवेस मेहिया, लोला बेल्त्रान, त्या काळातलं ज्याचं त्याचं नाव घ्याल त्याने त्याची गाणी गायली आणि तो स्वतःही गायचा.

इथे जरा रांचेराबद्दल सांगते, कारण आपल्याकडे मारियाची, म्हणजे ही गाणी वाजवणारा वाद्यवृंद, म्हटलं की मोठी टोपी आणि ट्रम्पेट एवढंच डोळ्यासमोर येतं. मेक्सिकन क्रांतीनंतर खेड्यातली माणसं लाखोंनी शहरात आली, 1930 ला एक्सईडब्ल्यू हे मोठं रेडिओ स्टेशन सुरू झालं, मागोमाग खेड्यातल्या घोडेस्वार हिरोंचे सिनेमे आले, आणि गाव सुटलेल्या या सगळ्यांना आपल्या मातीचं गाणं रेडिओवर मिळालं. चाल साधी, ठेके मुख्य तीन, वॉल्ट्झसारखा तीन मात्रांचा, पोल्कासारखा पळणारा दोनचा आणि बोलेरोचा सावकाश चारचा. मागे व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटारसारखी छोटी विउएला आणि पोटाशी धरायचा भला मोठा गितार्रोन, जो बेसचं काम करतो. आणि मध्येच गाणारा किंवा ऐकणारा कोणीही जी लांबलचक किंकाळी मारतो ना, ती गाण्याचाच भाग आहे, ती मारायला लाजायचं नाही हे मला डोन्यांनी बजावलं होतं.

आता ज्या गोष्टीने मी थक्क झाले ती. होसे अल्फ्रेदोला एकही वाद्य वाजवता येत नव्हतं. नोटेशन येत नव्हतं, आपलं गाणं कुठल्या स्वरात आहे हेही सांगता यायचं नाही. डोक्यात शब्द आणि चाल एकत्रच यायचे, तो ते गुणगुणून, शिट्टी वाजवून दाखवायचा आणि रुबेन फुएन्तेससारखे जाणकार त्याला मारियाचीच्या साजात बसवायचे. हा रुबेन फुएन्तेस म्हणजे मारियाची वार्गास दे तेकालित्लानचा व्हायोलिनवाला, अरेंजर म्हणून फार मोठा माणूस, आणि माझ्या मते त्याचं अर्ध श्रेय तरी मोठ्याने बोललं पाहिजे, कारण होसे अल्फ्रेदोच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत व्हायोलिन जे बोलतात ते काढून टाकून बघा म्हणजे कळेल. पण शब्द याचेच. आणि शब्द इतके साधे की माझ्यासारख्या तोडकंमोडकं स्पॅनिश येणाऱ्या बाईलाही पहिल्यांदा ऐकताना कळतात. अवघड शब्द नाही, सजावट नाही, माणूस बारमध्ये शेजारी बसून बोलतोय तसं.

आवाजही तसाच. होर्खे नेग्रेते ऑपेरासाठी तयार झालेला गळा, त्याच्यासमोर होसे अल्फ्रेदोचा आवाज एखाद्या शेजाऱ्याचा वाटतो, थोडा जाड, थोडा थकलेला. मोठ्या गायकांनी गायलेली त्याची गाणी मी आधी ऐकली होती आणि ती सुंदरच आहेत, पण त्याने स्वतः गायलेलं ऐकलं की मला वाटतं हे गाणं घडून गेलंय, गायलं जात नाहीये.

लोक त्याला दारूची आणि मर्दानी घमेंडीची गाणी लिहिणारा म्हणतात, मला हे अजिबात पटत नाही. दारू आहे, बाई सोडून गेलीय, सगळं आहे, पण त्या गाण्यातला पुरुष प्रत्येक वेळी हरलेला आहे आणि हरलो हे चारचौघांत कबूल करतोय. ‘एल्या’मध्ये तो विनवण्या करून थकलाय, ती जातेय, आणि डोळ्यांत पाणी असताना ग्लास उचलून तिच्याच नावाने पितोय. ‘एल रेय’ हे 1971 चं गाणं तर सगळा देश छाती फुगवून गातो, मी राजा आहे म्हणून, पण नीट ऐका, या राजाकडे ना सिंहासन ना राणी ना त्याला समजून घेणारं कोणी. ज्या समाजात पुरुषाने रडायचं नाही असं लहानपणापासून शिकवतात तिथे या माणसाने करोडो पुरुषांना मोठ्याने रडायची परवानगी दिली, मला तरी हे फार मोठं काम वाटतं.

दुपारी आम्ही स्मशानात, पान्तेओनला, गेलो. गेटमधून आत शिरल्यावर विचारावं लागत नाही. साध्या पांढऱ्या थडग्यांच्या रांगांत एकदम एक प्रचंड चार्रो टोपी, आणि तिच्यापासून जमिनीवर लाटेसारखा पसरत गेलेला रंगीत सारापे, म्हणजे ते पट्ट्यापट्ट्यांचं मेक्सिकन पांघरूण, पण सगळं मोझाइकच्या तुकड्यांचं, आणि त्या पट्ट्यांवर त्याच्या गाण्यांची नावं. हे डिझाइन केलंय त्याच्या जावयाने, हाविएर सेनोसियाइन, जो गोगलगायीच्या, सापाच्या आकाराची घरं बांधणारा प्रसिद्ध आर्किटेक्ट आहे. फोटोत बघून मला हे भडक वाटलं होतं, समोर उभं राहिल्यावर वाटलं नाही, कारण लोक त्या लाटेच्या कडेला चालत गाण्यांची नावं वाचतात आणि वाचता वाचता गायलाच लागतात. आम्ही गेलो तेव्हा एक मोठं कुटुंब आलं होतं, सोबत भाड्याने आणलेले तीन वादक, आजीचा वाढदिवस होता. आजीने एकामागून एक फर्माइशी केल्या आणि तिथे असलेल्या सगळ्यांनी, अनोळखी लोकांनी, आम्हीसुद्धा, त्या गायल्या.

थडग्यावर ओळ आहे, जगण्याला काही मोल नाही, या अर्थाची. ती ‘कामिनो दे ग्वानाह्वातो’ या गाण्यातली. गाणं म्हणजे एक प्रवासच आहे, या ग्वानाह्वातो राज्यातली एकेक गावं येतात, लेओन, कुबिलेते डोंगरावरचा ख्रिस्त, आणि शेवटी त्या टेकडीपलीकडे दिसतंय ते दोलोरेस, मी इथेच राहतो म्हणून तो थांबतो. पण मध्ये सालामांका येतं आणि तिथून जाऊ नकोस म्हणतो, तिथे आठवण टोचते. त्याचा भाऊ इग्नासिओ सालामांकाला वारला. वादकांनी हे गाणं घेतलं तेव्हा त्या कडव्याला डोन्यांनी माझा हात घट्ट धरला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने गायल्या. नंतर म्हणाल्या, आमच्या गावाचं नाव साऱ्या जगाला माहीत आहे ते या दुःखामुळे, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. त्यांच्या वडिलांना हे कडवं पाठ होतं, रिफायनरीतली सगळी माणसं गायची म्हणे.

दारूबद्दल मात्र मला स्पष्ट लिहायचंय कारण तिथले गाइड ते फार गोड करून सांगतात. मेक्सिको सिटीच्या गारिबाल्दी चौकात एल तेनाम्पा नावाचा जुना बार आहे, 1925 पासूनचा, भिंतींवर होसे अल्फ्रेदो आणि त्याची जिवलग मैत्रीण, गायिका चावेला वार्गास यांची चित्रं आहेत, आणि हे दोघं तिथे किती प्यायचे याचे किस्से लोक हसत हसत सांगतात. चावेला पुढे दारूतून बाहेर पडली, म्हातारपणी परत स्टेजवर आली, 93 वर्षांची होऊन 2012 ला गेली, आणि शेवटपर्यंत त्याची गाणी फक्त गिटारवर, मारियाचीशिवाय, इतक्या सावकाश गायची की ऐकवत नाही. तो मात्र 23 नोव्हेंबर 1973 ला लिव्हर खराब होऊन गेला. 47 वर्षांचा होता. आजारपणात त्याने टीव्हीवर येऊन ‘ग्रासियास’ हे गाणं गायलं, लोकांचे आभार मानणारं. त्याचा व्हिडिओ डोन्यांनी परतीच्या बसमध्ये दाखवला, चेहरा पार उतरलेला आणि शब्द एकही चुकत नाही. इतक्या गुणाच्या माणसाचं असं होणं यात मला काहीही रोमँटिक दिसत नाही, राग येतो.

कोणाला जायचं असेल तर नोव्हेंबरच्या शेवटी जा, त्याच्या पुण्यतिथीच्या आसपास गावात त्याच्या नावाचा महोत्सव असतो, रस्त्यांवर गाणी असतात, फक्त राहायची सोय आधी बघा. सप्टेंबरच्या मध्यात स्वातंत्र्यदिनाची गर्दी असते, तेव्हा फक्त गाण्यांसाठी जाऊ नका. म्युझियम सोमवारी उघडं आहे का ते विचारून निघा. आणि जायच्या आधी त्याच्या स्वतःच्या आवाजातलं ‘उन मुन्दो रारो’ ऐका, मग तेच चावेलाच्या आवाजात ऐका, या क्रमानेच. स्पॅनिश येत नसलं तरी चालेल.