रेकॉर्ड प्लेअरचे झाकण : ॲक्रिलिक कापताना झालेली प्रगती

घरच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरचे मूळ झाकण बिजागरीपाशी फुटल्याला बरीच वर्षे झाली. त्याजागी ५ मिमी जाडीच्या पारदर्शक ॲक्रिलिकचे नवे झाकण करायचे ठरवून मी ३ फूट बाय २ फुटांचा तुकडा आणला. वरचा भाग ४४० बाय ३६० मिमी आणि चारही बाजू १३० मिमी उंचीच्या, असे पाच तुकडे त्यातून निघतात आणि चाचणीसाठी थोडे उरतेही. आजपर्यंत तीन तुकडे मनासारखे कापून झाले आहेत. ते कसे झाले, यापेक्षा आधीचे का बिघडले हे सांगणे अधिक उपयोगी ठरेल.

पहिली चाचणी जिगसॉवर, म्हणजे अरुंद पाते वरखाली चालवणाऱ्या विजेच्या करवतीवर केली. लाकडाचे पाते आधीपासून लावलेलेच होते आणि वेगाचे बटण शेवटच्या आकड्यावर होते. दोन्ही तसेच ठेवून मी कट मारला. यंत्र रेषेच्या टोकापर्यंत गेले, मी ते बाजूला ठेवले, तुकडा उचलायला गेलो तर अख्खी शीट हातात आली. पात्याने पुढे कापलेले मागे पुन्हा वितळून चिकटले होते. रेषेच्या जागी पांढरट, फुगीर शिवण तयार झाली होती आणि पात्याच्या दातांत च्युइंगमसारखा गोळा अडकला होता. ॲक्रिलिक साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि उष्णता पुढे वाहून नेण्याच्या बाबतीत ते फारच आळशी असते, त्यामुळे घर्षणाची सारी उष्णता कापाच्या दोन कडांवरच साचून राहते.

दुकानदाराने दिलेली शीट एक्सट्रुडेड, म्हणजे वितळलेले ॲक्रिलिक फटीतून दाबून काढलेली होती, हेही याचे एक कारण आहे. साच्यात ओतून केलेल्या, म्हणजे कास्ट ॲक्रिलिकमधील रेणूंच्या साखळ्या बऱ्याच लांब असतात, म्हणून ते तापले तरी चटकन चिकट होत नाही आणि त्याचा चुरा कोरडा पडतो. एक्सट्रुडेड स्वस्त आणि जाडीला अधिक एकसारखे असते, पण करवतीखाली लवकर पाघळते. त्यामुळे पुढचा तुकडा मी कास्ट आहे का, असे विचारूनच आणला. दुकानदार म्हणाला, "साहेब, दोन्ही दिसायला सारखेच." दिसायला ते खरोखरच सारखे आहेत.

दुसरी चाचणी मात्र कास्ट शीट असूनही फसली, आणि हा भाग मला सर्वांत शिकवणारा वाटला. माझ्याकडे फरशी कापण्याचे ४ इंची यंत्र आहे. त्याला बारीक दातांचे पाते लावले तर काप स्वच्छ येईल, असा माझा समज होता, म्हणून ४० दातांचे पाते लावले आणि काही बिघडू नये म्हणून अगदी सावकाश, ४४० मिमीचा काप सुमारे २० सेकंदांत, पुढे ढकलला. कड तरीही करपल्यासारखी पांढरी झाली. संध्याकाळी कागदावर हिशेब मांडला. यंत्रावर मिनिटाला १२,००० फेरे लिहिलेले आहेत. ४० दातांनी गुणले की मिनिटाला ४,८०,००० दात त्या रेषेवरून जातात, आणि माझ्या चालीने प्रत्येक दाताच्या वाट्याला ०.००३ मिलिमीटरपेक्षाही कमी भाग येतो. इतका पातळ थर दात कापत नाही, नुसता घासतो. माझी सावधगिरीच उष्णता निर्माण करत होती. (शिवाय ते यंत्र मुळात हिऱ्याच्या चकतीसाठी आहे, त्याचे संरक्षक कवच खालचे दात झाकत नाही, दातेरी पाते त्यावर लावणे ही माझी चूकच होती आणि मी ती पुन्हा करणार नाही.)

तिसऱ्या वेळी ओळखीच्या सुतारकाकांकडून ७ इंची चक्राकार करवत मागून आणली आणि तिच्यासाठी ६० दातांचे, कार्बाइड या कठीण धातुमिश्रणाच्या टोकांचे, एकाआड एक दाताचे कोपरे तासलेले पाते घेतले. असा कोपरा तासलेला दात आधी मधोमध चर पाडतो, मागून येणारा सपाट दात दोन्ही कडा साफ करतो, आणि त्यामुळे कडेला टवके उडत नाहीत. ही करवत मिनिटाला ५,००० फेरे घेते. तोच ४४० मिमीचा काप मी या वेळी ९ सेकंदांत, न थांबता केला. हिशेबाने प्रत्येक दाताला मिलिमीटरचा शंभरावा भाग मिळाला, म्हणजे आधीच्या साडेतीन पट. या वेळी जमिनीवर कोरडे, खोबऱ्याच्या किसासारखे पांढरे कण पडले, कड हाताला जेमतेम कोमट लागली, आणि आवाजही किंचाळण्याऐवजी सलग घरघरीचा आला. आता मी कापाकडे पाहण्याआधी खाली पडलेल्या चुऱ्याकडे पाहतो : तार किंवा गोळी दिसली की काहीतरी चुकते आहे, कीस दिसला की ठीक आहे.

शीटवरचा कागद मी काढत नाही. खाली प्लायवुडचा टाकाऊ तुकडा पूर्ण लांबीभर ठेवतो, वरून ॲल्युमिनियमची सरळ पट्टी शिकंज्यांनी आवळतो आणि पाते शीटखाली ४ ते ५ मिमीच बाहेर येईल इतकी खोली ठेवतो. शीट थरथरली तर टवका उडणारच. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क आणि कानांत बोळे हे न सांगताही समजण्यासारखे आहे.

एक तुकडा मात्र काप उत्तम येऊनही वाया गेला. चुरा पुसण्यासाठी मी कडेवरून स्पिरिटचा बोळा फिरवला आणि काही मिनिटांत कडेपासून आत जाणाऱ्या, केसासारख्या बारीक भेगा दिसू लागल्या. कापताना तापून थंड झालेल्या कडेत ताण अडकून राहतो आणि स्पिरिटमधले अल्कोहोल लागताच तो भेगांच्या रूपाने बाहेर पडतो. कारखान्यात ८० अंशांच्या आसपास काही तास शीट तापवून हा ताण काढतात. आमच्या घरच्या ओव्हनच्या आकड्यावर माझा तितका विश्वास नाही. आता कड साध्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून धुतो. करवतीच्या खुणा हॅकसॉच्या (लोखंड कापायच्या हातकरवतीच्या) पात्याच्या पाठीने खरवडून काढतो, कागदासारखी पातळ फीत निघते. ज्योतीने कड चमकवण्याचा मोह आवरला आहे, कारण तुकडे जोडण्यासाठी कडा किंचित विरघळवणारे जे द्रावण वापरतात, त्याने तिथेही अशाच भेगा पडतात.

उरलेल्या दोन बाजूंपैकी एक आखताना पात्याने खाल्लेली २.४ मिमी जागा मी धरायला विसरलो होतो, त्यामुळे ती १३० ऐवजी १२७.६ मिमी उंच निघाली. द्रावण सुईने सोडले की ते सांध्यात आपोआप ओढले जाते, पण त्यासाठी दोन्ही कडा फटीशिवाय टेकाव्या लागतात. आखूड बाजू तिथे चालणार नाही. म्हणून उरलेल्या भागातून ती पुन्हा कापेन, आणि या वेळी रेषेच्या कोणत्या अंगाला पाते चालवायचे आहे, तिथे कागदावर फुली मारून ठेवली आहे.