‘हॉग’ म्हणजे मेंढी: जुन्या इंग्रजी घरयादीतले शब्द लावताना

सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये घरचं माणूस गेलं की शेजारपाजारचे दोन-चार जण खोल्याखोल्यांतून फिरत आणि एकेका वस्तूची किंमत लिहून काढत. मृत्युपत्राच्या कामासाठी अशी यादी देणं १५२९च्या कायद्याने बंधनकारक केलं होतं. जुने, विसरलेले इंग्रजी शब्द शिकायला नुसता कोश चाळण्यापेक्षा मला या याद्या बऱ्या वाटल्या. इथे शब्द एकटा येत नाही. त्याला खोली असते, शेजार असतो आणि किंमतही असते.

सुरुवातीला अर्थाच्या मागे लागायचं नाही, फक्त अक्षरं लावायची. त्या काळचं धावतं वळण, म्हणजे ‘सेक्रेटरी हँड’, मोडीसारखंच छळतं. एसचं लांब रूप एफसारखं दिसतं. यू आणि व्ही एकमेकांच्या जागी येतात. मोठा एफ काढायला दोन छोटे एफ जोडतात. ‘ये’ दिसलं तरी वाचायचं ‘द’, कारण तिथला वाय हा ‘थॉर्न’ नावाच्या लोपलेल्या अक्षराचा अवशेष आहे. दिसतं तसंच उतरवतो, स्पेलिंग सुधारत नाही. सुधारलं की पुढे कोशात शोधायला धागाच उरत नाही. मग मोठ्याने वाचतो. लिहिणारे बरेचदा कानाला ऐकू येईल तसं लिहीत, त्यामुळे डोळ्यांना न लागलेला शब्द कधीकधी कानाला लागतो.

आकडे रोमन असतात आणि शेवटचा आय जेसारखा खाली ओढलेला असतो. चारच्या डोक्यावर बारीक दोन एक्स असतील तर ते चोवीस नव्हेत. ते चार विसा, म्हणजे ८०. आपल्याकडे विसांत मोजणाऱ्या पिढीला हे समजवावं लागलं नसतं. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड. मी प्रत्येक यादीची बेरीज करून पाहतो. जुळली नाही तर बहुधा माझा आकडा चुकलेला असतो, पण लिहिणाऱ्यांच्याही चुका सापडतात. तारखेलाही जपावं लागतं. १७५२ पर्यंत तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून यादीतला फेब्रुवारी १६४० आपल्या हिशेबाने १६४१चा.

आता अर्थ. अनोळखी शब्दाने फारसा त्रास होत नाही, कारण तो आपण शोधतोच. फसवतो तो ओळखीचा शब्द. ‘बेड’ म्हणजे गादी. खाटेला ‘बेडस्टेड’ म्हणत. पिसांची गादी खाटेपेक्षा महाग का, हे कोडं तिथेच सुटतं. ‘कार्पेट’ जमिनीवर नसून बहुधा टेबलावर पसरलेलं असतं. बेडच्या ओळीतलं ‘फर्निचर’ म्हणजे उशा, पांघरुणं, पडदे. ‘कॉर्न’ म्हणजे मका नव्हे, गहू, राय, बार्ली असं कुठलंही धान्य. ‘पेअर ऑफ टेबल्स’ ही दोन टेबलं नसून बॅकगॅमन या फाशांच्या खेळाचा घडीचा पट.

‘हॉग’पाशी मी चांगलाच अडकलो. डुकरं म्हणून लिहून मोकळा झालो होतो, पण आधीच्या ओळीत मेंढ्या, नंतरच्या ओळीत खच्ची केलेले मेंढे आणि डुकरं पुढे ‘स्वाइन’ म्हणून वेगळी मोजलेली. जोसेफ राइट यांचा सहा खंडांचा बोलीकोश (१८९८–१९०५) उघडल्यावर उलगडा झाला: हॉग म्हणजे पहिली कातरणी न झालेली तरुण मेंढी. या कोशात शब्द कुठल्या परगण्यात चालतो तेही दिलेलं असतं, म्हणून यादी कुठली आहे ते आधी नोंदवून ठेवतो.

घरगुती वस्तूंना मात्र शेजार पुरतो. ‘क्वर्न’ म्हणजे जातं, मोहरीचं किंवा माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं. ‘पॉसनेट’ म्हणजे तीन पायांचं, दांड्याचं छोटं भांडं. ‘किल्डरकिन’ हे पिंप आहे, पण बिअरचं असेल तर १८ गॅलन, ‘एल’ (ale) या बिअरसारख्याच पेयाचं असेल तर १६. कशाचं ते पाहिल्याशिवाय आकडा लावला की साठा चुकतो.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात मी सगळ्यात वरचा अर्थ उचलत नाही. खाली दिलेल्या अवतरणांची सालं बघतो आणि यादीच्या आगेमागे पन्नासेक वर्षांत ज्याचा वापर दिसतो तोच अर्थ घेतो. जॉन्सनचा १७५५चा कोश ग्रंथांतल्या भाषेला उत्तम, शेतकऱ्याच्या माजघरात तो फार हात देत नाही.

शब्द कुठेच सापडला नाही तर दुर्मीळ शब्द गवसल्याचा आनंद आवरायचा आणि आधी स्वतःच्या वाचनावर शंका घ्यायची. ‘अ‍ॅबकॉट’ नावाची राजटोपी कोशाकोशांतून फिरत राहिली. मुळात तो ‘बायकॉकेट’ या टोपीच्या नावाचा, आधीच्या ‘अ’ (a) या उपपदासकट झालेला अपभ्रंश होता. ऑक्सफर्डच्या कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी ही चूक उघडकीस आणली. आय, एम, एन, यू ही अक्षरं धावत्या हातात नुसत्या उभ्या रेघा होतात. त्या पेन्सिलीने मोजतो. के नंतर सहा रेघा, पुढे ई आणि एल असेल, आणि ओळ बिअर बनवायच्या खोलीतली असेल, तर तो ‘किमनेल’: लाकडी टब.