बॅलीसॅगर्टमोर: देवड्या बांधून झाल्या, महाल राहिला

लिसमोरच्या किल्ल्याच्या बागा बघितल्या. सुंदर होत्या, गर्दीही भरपूर होती, तेवढं पुरे. मला लिहायचंय ते तिथून फर्मॉयच्या रस्त्याने अडीचेक किलोमीटरवर, आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातल्या एका जंगलात उभ्या असलेल्या देवड्यांबद्दल.

तिकीट नाही, पहारेकरी नाही. चिखलातून चालताना झाडांत एकदम पूल दिसतो. खाली तीन कमानी, दोन्ही टोकांना बुरूज, वर चर्या, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरचे दाते, आणि टोकदार गॉथिक खिडक्या. दुसरीकडे तसंच एक महाद्वार: मधे उंच कमान, दोन्ही हातांना दरबानांची घरं. छपरं गेलीत. आपल्या रायगडाच्या महादरवाज्याआड देवड्या आहेत, त्या पहाऱ्यासाठी. इथले बुरूज 1834च्या सुमाराचे, म्हणजे कुणी चाल करून येण्याचा प्रश्नच नव्हता. सगळा थाट पाहुण्याची बग्गी आत शिरताना त्याचे डोळे दिपावेत म्हणून.

मालक आर्थर काइली-अशर. भावाने जवळच स्ट्रॅन्कली इथे किल्ल्यासारखं घर बांधलं होतं. त्याहून भारी आपलं हवं, असा बायकोचा हट्ट होता म्हणतात. दारापासून सुरुवात केली आणि दारातच पैसे संपले. महाल झालाच नाही. कुटुंब जुन्या घरात राहिलं, आज तेही उरलेलं नाही.

इथवर ऐकून हसू येतं. पण 1845 पासून बटाट्यावर रोग पडला, देशात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, आणि त्याच काळात या माणसाने आपल्या कुळांना घराबाहेर काढलं, त्यांची घरं पाडली. हे कळल्यावर त्या कमानीखाली उभं राहणं मला जड गेलं. दरबानासाठी बुरूज, आणि खंड भरणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर नाही! लोक या जागेला परीकथेतली म्हणतात, तिथे लग्नाचे फोटो काढतात. मला ते अजिबात पटत नाही. फोटो काढा, पण त्या कुळांबद्दल दोन शब्द तरी बोला.

बांधकामाचं श्रेय मात्र मी मालकाला देणार नाही. आराखडा जॉन स्मिथ या त्याच्या माळ्याचा. ओढा कुठे ओलांडायचा, झाडांतून काय एकदम समोर आणायचं, हे ज्याने ठरवलं त्याची नजर माळ्याचीच होती, आणि लिसमोरच्या त्या बागांपेक्षा ती मला जास्त आवडली.