एवढं बघूनही वाइन कशी प्यावीशी वाटते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. लग्नात, बारशाला, कुणाकडे सहज गेले तरी हा प्रश्न येतोच: दारूपायी काकांचं काय झालं ते बघत मोठी झालीस, मग पन्नाशीत वाइन शिकायचं काय अडलं होतं? गिरगावातल्या त्या दोन खोल्यांबद्दल तुम्हाला नव्याने सांगायला नको.

चव आवडते म्हणून. एवढं उत्तर कुणालाच पुरत नाही, आणि त्याचा मला राग येतो.

सुरुवातीला आवडली नव्हतीच. मैत्रिणीकडे ऐन मे महिन्यात टेबलावरची रेड प्यायले. जीभ आखडली, नाकात नुसता भपका. रेड ‘रूम टेम्परेचर’ला प्यायची, हा थंड मुलखातला सल्ला, आपल्या खोलीत 30 अंश असतात. तीच बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून 15 ते 18 अंशांवर आणली की वेगळी लागते. तुरटपणा टॅनिनचा. रेड सालींसकट आंबवतात, साली-बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. हे कळलं तेव्हा रेड बाजूला ठेवली आणि नाशिकच्या दोन व्हाइट शेजारी शेजारी ओतल्या, शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां. एकटी एकच प्यायले असते तर काही कळलं नसतं. सोव्हिन्योंला कापलेल्या गवताचा, हिरव्या मिरचीचा वास. शेनिन फळांच्या अंगाची, आणि गोडसर असली तर आपल्या तिखटाला सांभाळून घेते.

ती संध्याकाळ मात्र सांगायलाच हवी. शनिवार होता. सिटीलाइटच्या मार्केटातून सुरमई आणली होती, रव्यात घोळवलेल्या तुकड्या तव्यावर होत्या. काकू न कळवता आली. माझा ग्लास टेबलावरच होता. मी तो उचलला नाही. लपवण्यासारखं काही करत नाही, असं मनाशी ठरवलेलं होतं. तिचं पान वाढलं. “हे काय गं?” तिने विचारलं. मी सांगत सुटले: नाशिकची आहे, द्राक्षांची, जेवणाबरोबर एकच ग्लास घेते. तिने ग्लास नाकाशी नेला. “वास निराळा आहे,” म्हणाली. ग्लास होता तिथेच ठेवला. “हेसुद्धा आधी जेवणाबरोबरच घ्यायचे.”

तुकडी तशीच टाकून ती उठली, हात धुतला, पिशवी घेतली. टॅक्सीपर्यंत सोडायला मी मागोमाग उतरले. “वर जा, तुझं जेवण राहिलंय,” एवढंच बोलली.

त्या दिवशी मला तिचा राग आला होता. तुलनाच चुकीची आहे, असं मी लेकीला रात्री तावातावाने सांगत होते. काका चाखत नसत, रिचवत. मी एक ग्लास तासभर पुरवते, त्यात काय काय आहे ते शोधते. हे मी आजही म्हणेन. पण 2022च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, आणि वाइन म्हणजे दारू नव्हे असं बोललं गेलं, ते मला मुळीच पटलं नव्हतं. बाटलीवर 12-13 टक्के अल्कोहोल छापलेलं असतं. ते द्राक्षांतून आलं म्हणून यकृत त्याला वेगळं वागवत नाही. आवडते म्हणून मी तिला सोज्वळ ठरवणार नाही.

विशीतली मी तर माझ्या घरात बाटली येऊच देणार नव्हते. ती अजून हुज्जत घालते: एका ग्लासानेच सुरुवात होते, तुला काय वेगळं सांगू? मी म्हणते, काकांच्या धाकाने किती गोष्टींना हात लावायचा नाही? दोघींचं जमत नाही.

काकू आता येते, जेवते, आम्ही त्या विषयावर बोलत नाही. ती यायची असली की मी बाटली काढत नाही. हे लपवणंच झालं, असं लेक म्हणते. असेलही.